मागचं चाक मोकळं फिरेना

बायकोनं माझ्या मोटरसायकलवर बसायचं सोडलं तो मे महिन्यातला रविवार होता, आणि आम्ही कुहीच्या फाट्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला बसलो होतो. बसलो होतो म्हणजे पडलो होतो आणि उठायचं राहिलं होतं.

कुहीला माझी सासुरवाडी. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी सासूबाईंकडे जायचं, ते मोटरसायकलवरच. ती मागे, तिच्या मांडीवर डबा. येताना डब्याच्या जागी तांदळाची पिशवी. हा क्रम लग्न, बारसं, मयत कशानंही फार मोडला नव्हता. त्या दिवशी तो मागच्या ब्रेकनं मोडला.

गाडी बऱ्याच वेळापासून जड चालत होती. मी ऊन लागलं असेल म्हणालो. गाडीला. मग जळका वास यायला लागला. समोर ट्रॅक्टर आला म्हणून मी वेग कमी केला आणि मागचं चाक जागीच जाम झालं. गिट्टीवरून आम्ही तिरपे घसरत गेलो आणि फार घाई न करता आडवे झालो. तिचं कोपर सोललं. डबा पळसाच्या झाडापर्यंत गेला आणि थांबला.

मला काही वाटलं नाही. ही बढाई नाही. त्या वर्षी मला कशाचंच काही वाटत नव्हतं. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, तिला स्टेशनवर सोडून परतताना मी गरम समोसे घेऊन आलो आणि दोघांना तीन कसे घेतले म्हणून घरी आल्यावर मोजत बसलो. ऑफिसात माझ्यानंतर लागलेला माणूस माझा साहेब झाला. त्याला हार मीच घातला. हार चांगला होता.

बायको उठली, डबा आणला, मग रस्त्यावरून मागे चालत गेली. बरीच लांब गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात माझी उजव्या पायाची चप्पल होती. ती माझ्यापुढं टाकली आणि म्हणाली,

"मी नाही बसत आता तुमच्या मागे."

"ब्रेक चिकटला वं. उद्याच पाहतो त्याले."

"पाहा."

एवढंच. मग तिनं उमरेडकडून येणाऱ्या काळीपिवळी जीपला हात दाखवला आणि चौदा माणसांत पंधरावी होऊन निघून गेली. मी चाक थंड व्हायची वाट पाहत पळसाखाली बसलो. ते थंड झालं, मोकळं झालं, आणि मी एकटाच घरी आलो. मागची सीट रिकामी असली की ती गाडी खड्ड्यात फार उडते, हे मला तेव्हा कळलं.

मी हिशेब सोपा केला. ब्रेक सुटला की ती बसेल. पुढच्या कुहीला दोन आठवडे होते.

मागचा ब्रेक ही काही अवघड गोष्ट नाही. चाकाच्या मधोमध डब्यासारखा ड्रम असतो. आत चंद्रकोरीसारखे दोन शू. पायानं पेडल दाबलं की एक सळई ओढली जाते, ती आत एक छोटा कॅम फिरवते, शू फाकतात आणि ड्रमला घासतात. पाय काढला की स्प्रिंग त्यांना परत जवळ आणते. न आणल्यास ते घासतच राहतात, ड्रम तापतो, आणि तुम्ही सासुरवाडीच्या रस्त्यावर आडवे होता.

पहिला उपाय मोबाईलवर पाहिला. सळईच्या टोकाला एक नट असतो, तो ढिला करायचा. मी ढिला केला. थोडा करायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो, चौकात पेडल दाबलं तर ते कुणाशी काही संबंध नसल्यासारखं खाली गेलं. मी रसवंतीच्या बाकड्यात शिरलो. बाकड्यावर कुणी नव्हतं. रसवंतीवाल्यानं बाकडं सरळ केलं, मला बसवलं आणि विचारलं, "मोठा की लहान?" त्याचं मन राखायला मी मोठा ग्लास घेतला. मग घाबरलो असेन म्हणून अजून एक. त्या उन्हाळ्यात मी रोज तिथे थांबायला लागलो. तहानच फार लागत होती.

दुसरा उपाय मात्र खास आमच्या घराण्याचा. आमच्याकडे तीन पिढ्या हातमाग होता. जुन्या नागपुरातल्या आमच्या घरात जमिनीत खड्डा होता, त्या खड्ड्यात पाय सोडून विणकर बसतो आणि खालच्या लाकडी पावड्या पायांनी दाबत राहतो. अठरा वर्षांचा होईपर्यंत मीही तिथे बसलो. मागावर काही अडलं, धोटा अडला, पावडी अडली, तर बाबा एकच सांगत: तेलाचं बोट फिरव. मागावर अडणारी प्रत्येक गोष्ट तेल मागते.

तेव्हा शनिवारी भर दुपारी अंगणात गाडी मेन स्टँडवर घेतली. एक्सल काढला, चाक बाहेर ओढलं, ड्रम उघडला. आत काळी भुकटी होती. ती फुंकली, ती माझ्या तोंडावर आली. शू कोरडे ठणठणीत होते. मला त्यांची दया आली. मी आतून शिलाई मशीनची तेलाची कुपी आणली आणि दोन्ही शूंना, गोल, सावकाश, बोटानं तेल लावलं.

बायको दारात आली. "दोन वाजले. फरशी तापली आहे. अनवाणी काहून बसून राहिले?"

"त्याले काय होते?"

"पाय नाही भाजत काय तुमचे?"

"नागपूरचा पाय आहे वं हा. त्याले सवय आहे."

मी उठून अंगणभर दोन फेऱ्या मारून दाखवल्या. शेजारच्या घरातले निवृत्त गृहस्थ कुंपणावरून पाहत होते, त्यांच्यासाठी तिसरी मारली. ते म्हणाले, "मानलं बाप्पा तुम्हाले." बायको बराच वेळ माझ्या पायांकडे पाहत उभी राहिली आणि आत गेली. तिला माझा अभिमान वाटत असावा, असं मी धरून चाललो.

चाक परत बसवलं. एक वॉशर उरला. तो मी खिशात ठेवला.

सोमवारी ब्रेक लागेचना, म्हणून गाडी ढकलत मनीषनगरच्या रेल्वे फाटकाजवळच्या मिस्त्रीकडे नेली. तो माझ्याच वयाचा आहे. कडुनिंबाखाली टपरी, एक लाकडी खोकं, एक पाण्याची बाटली. दहा वर्षांत त्यानं माझं नाव विचारलं नाही, मी त्याचं. तो मला भाऊ म्हणतो, मी त्याला मिस्त्री. त्यानं चाक उघडलं, शूवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"हे काय लावलं?"

"तेल."

"कायचं?"

"शिलाई मशीनचं."

"ब्रेकले?"

"चिकटत होता ना गा तो."

मिस्त्री थोडा वेळ फाटकाकडे पाहत राहिला. आगगाडी जायची होती, ती गेली.

"भाऊ, त्याले चिकटू द्या लागते. तेच तर काम आहे त्याचं." मग त्यानं हात पुढे केला. "आणि वॉशर द्या."

त्यानं मन लावून काम केलं. शू नवे टाकले. ड्रम पेट्रोलनं धुतला. कॅमवर गंज होता, तो पॉलिश पेपरनं घासून काढला आणि तिथं, फक्त तिथंच, नखाएवढं ग्रीस लावलं. शूच्या स्प्रिंगा बदलल्या. पेडलचा पिन साफ केला, त्याचीही स्प्रिंग बदलली. पेडल दोन बोटं खाली गेल्यावरच ब्रेक लागला पाहिजे, असा नट बसवला. मग चाकाला हातानं गरका दिला आणि कान लावून बसला. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं. "घ्या. आता तक्रार नाही येणार," तो म्हणाला.

बुधवारी तक्रार आली. ऑफिसातून आलो तर ड्रममधून तोच वास. मिस्त्रीनं स्टँडवर घेतलं, चाक मोकळं. त्यानं पुन्हा उघडलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा लावलं. गुरुवारी पुन्हा. शुक्रवारी सिग्नलवर मागचा स्कूटरवाला शेजारी येऊन म्हणाला, "काका, तुमचा ब्रेक लाइट बंदच नाही होत. दोन चौकांपासून पाहून राहिलो." मी त्याचे आभार मानले आणि मिस्त्रीला लाइटचं बटण खराब आहे असं सांगितलं. त्यानं बटण तपासलं. बटण चांगलं होतं.

शनिवारी मिस्त्रीनं मला पाहताच खोक्यावरून उठायचंही टाळलं. रविवार उद्यावर आला होता. मी त्याला खरं सांगितलं. "उद्या कुहीले जायचं आहे गा. बायको बसत नाही गाडीवर. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा."

तो उठला. गाडीला किक मारली, बेसा चौकापर्यंत गेला आणि परत आला. मे महिन्यात नागपुरात कुठल्याही लोखंडाला हात लावून निदान करता येत नाही, सगळंच तापलेलं. म्हणून त्यानं बाटलीतून ड्रमवर चार थेंब टाकले. थेंब ओघळून खाली गेले.

"आता तुम्ही जा. तिथपर्यंतच."

मी गेलो, आलो. त्यानं थेंब टाकले. चर्रकन वाफ झाली.

मिस्त्रीनं बाटलीचं झाकण लावलं. "गाडीत काही नाही, भाऊ."

"मग कुठं आहे?"

"गाडीवर आहे. पाय ठेवून राहिले तुम्ही पेडलवर."

मला हसू आलं. सुटलोच म्हणा. मी त्याला हातमाग, खड्डा, पावड्या सगळं सांगितलं. बाबा म्हणत, पाय पावडीवरून उचलायचा नाही, नुसता टेकवून ठेवायचा, नाहीतर लय जाते. विणकराच्या पायाची सवय मोटरसायकलवर गेली, त्यात काय एवढं. बायकोला हे कसं रंगवून सांगायचं तेही मनात जुळवून टाकलं. तीही विणकराच्याच घरची, तिला पटलं असतं.

"सवय आहे ना?" मिस्त्री म्हणाला. "मग सोडा. बसा गाडीवर."

गाडी स्टँडवर होती. मी बसलो. त्यानं टपरीतल्या जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, घडी केली आणि माझी चप्पल आणि पेडल यांच्यामध्ये सरकवली. "समोर पाहा. फाटकाकडे. आता पाय उचला."

मी उचलला.

"उचला भाऊ."

"उचलला ना."

"नाही उचलला."

"अरे उचलला आहे गा."

त्यानं कागद ओढला. कागद अर्धा त्याच्या हातात आला. मी खाली पाहिलं. टाच वर होती, पंजा पेडलवर तसाच दाबलेला. कुणीतरी आपला पाय तिथे विसरून गेल्यासारखा. पाहिल्यावर मी तो उचलला, व्यवस्थित उचलला गेला. समोर पाहिलं की तो कधी परत जाऊन बसायचा, ते मला कळत नव्हतं. आम्ही चार वेळा करून पाहिलं. कॅलेंडरचे दोन महिने संपले.

मिस्त्री खाली उकिडवा बसला. "चप्पल काढा."

तळव्याला, अंगठ्याच्या खाली, रुपयाएवढा फोड होता. फुटून गेलेला, आतून लाल. कडेला अजून एक. माझ्या अंगणातल्या तीन फेऱ्या.

"दुखत नाही?"

"काय?"

गाडीची चाबी काढून त्यानं आपल्या खिशात टाकली. "माझ्या आईचे पाय असेच होते," तो म्हणाला. "हे टपरीवरचं काम नाही, भाऊ. घरी सांगा."

मी चालत घरी आलो. वाटेत रसवंतीवाल्यानं हात केला. मी पण केला. काय वाटलं म्हणाल तर खरंच काही नाही. फक्त प्रत्येक पावलाला खाली पाहत होतो आणि दोन्ही चपला आहेत का ते बघत होतो.

बायको तांदूळ निवडत होती. मी तिच्यापुढं बसून पाय तिच्याकडे केला आणि जुळवलेली हातमागाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिनं ती अर्ध्यातच थांबवली.

"चप्पल मागे होती."

"कोणती?"

"त्या दिवशी. पडलो तिथं नव्हती ती. पार मैलाच्या दगडापाशी होती. पडायच्या कितीतरी आधी पायातून सुटली होती." तिनं तांदळातला खडा बाजूला टाकला. "तुम्ही एका चपलेनं गाडी चालवून राहिले होते आणि तुम्हाले माहीत नव्हतं."

"मग बोलली काहून नाही?"

"बोलली असती तर तुम्ही म्हटलं असतं, नागपूरचा पाय आहे." ती पुन्हा तांदळाकडे वळली. "मी ब्रेकले नव्हती घाबरली."

बाबा शेवटच्या वर्षांत घरात भिंतीला हात लावून चालायचे. म्हणायचे, पायाखाली कोणी कापूस अंथरला आहे काय रे. जन्मभर सुतात गेलेला माणूस, दुसरं काय दिसणार, म्हणून आम्ही हसायचो. मीच जास्त. मग एका पावसाळ्यात त्यांना खिळा लागला, तो आम्हाला तिसऱ्या दिवशी दिसला. बोट काढावं लागलं. त्यांनाही तेव्हा दुखलं नव्हतं. दवाखान्यातून येताना त्यांनी मला तेही कौतुकानं सांगितलं होतं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि कागदाकडे पाहून विचारलं, "गोड काही खाता का?" बायको माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, रस पितो. "रोज?" मी म्हणालो, मन राखायला.

मग त्यांनी मला झोपवलं, डोळे मिटायला सांगितले. त्यांच्याकडे एक बारीक नायलॉनचा धागा होता, काडीच्या टोकाला लावलेला. तो तळव्याला टेकवला की हो म्हणायचं. मी अठरा वर्षं सुतात वाढलेला माणूस. डोळे मिटून दोन बोटांत धागा फिरवून मी त्याचा जाडपणा सांगत असे, बाबा पाहुण्यांसमोर माझी परीक्षा घेत. धाग्याची परीक्षा म्हटल्यावर मी निवांत झालो.

काही वेळ काहीच झालं नाही. मग मला वाटलं, आता टेकवत असतील, इतका वेळ झाला. मी म्हणालो, हो. थोड्या वेळानं पुन्हा, हो. मला लय सापडली होती. मागावरच्यासारखी. हो. हो.

"डोळे उघडा," त्या म्हणाल्या. धागा त्यांच्या हातात होता आणि हात टेबलावर होता. "मी अजून सुरुवात केली नाही."

बायको हसली नाही. मी पुन्हा डोळे मिटले आणि या वेळी खरं सांगायचं ठरवलं. उजव्या पायाला फार वेळ हो म्हणता आलं नाही. डाव्याला दोन-चार वेळा आलं.

जखम भरेल, त्या म्हणाल्या. साखर आवरली तर आहे ते टिकेल, गेलेलं परत येईलच असं नाही. अनवाणी चालायचं नाही, अंगणातसुद्धा. रोज संध्याकाळी दुसऱ्या कुणीतरी तळवे पाहायचे. आणि मोटरसायकल? मी विचारलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं सांगितलं, चाबी मिस्त्रीकडे आहे.

कुहीचा तो रविवार तसाच गेला होता. त्याच्या पुढच्याला सासूबाईंचा फोन आला, तांदूळ काढून ठेवलेत, कधी येता. मी कपडे घालून बाहेर आलो, तर बायकोनं मुलीची स्कूटी काढली होती. मुलगी गेल्यापासून ती स्कूटी चादरीखाली होती. कधी बाहेर निघाली, तिच्यात हवा कधी भरली, मला काही माहीत नव्हतं. मिस्त्रीकडे एक फेरी झाली असावी, कारण आरसे नवे होते.

"तुले येते चालवायले?"

"पोरीनं शिकवलं होतं. तुम्ही ऑफिसात राहत होते तेव्हा." तिनं दुपट्टा तोंडाला बांधला. "बसा. डबा मांडीवर घ्या."

मी बसलो. पायात पट्ट्यांचे नवे बूट होते, दवाखान्यातून सांगितलेले. शाळेतल्या पोरासारखे. डबा मांडीवर घेतला. तो कोमट होता, ते मला मांडीला कळलं. सव्वीस वर्षं ती इथे बसून काय करत होती याचा विचार करायला मला बरंच अंतर मिळालं. समोरचं काही दिसत नाही. पाठ दिसते. आणि वळण आलं की माणूस उगाच आपल्याच अंगानं गाडी वळवायला बघतो.

उमरेड रोडला ती जरा जोरात गेली. माझी मांडी ताठ झाली, तेव्हा कळलं की उजवा पाय फूटरेस्टवर दाबला जातोय. स्कूटीला तिथे काही नाही. दाबू दिला.

कुहीच्या फाट्याच्या अलीकडे, त्या पळसापाशी तिनं गाडी कडेला घेतली. मला वाटलं पेट्रोल. ती उतरली, मागे आली, वाकून माझ्या पायांकडे पाहिलं. एक, मग दुसरा. पट्टा ओढून पाहिला.

"आहेत दोन्ही," ती म्हणाली आणि परत पुढे जाऊन बसली.

आता दर खेपेला तिथं थांबतो. मोटरसायकल मिस्त्रीकडेच आहे. बॅटरी बसू नये म्हणून तो आठवड्यातून एकदा बेसा चौकापर्यंत फिरवून आणतो आणि मी फाटकाजवळून जाताना दिसलो की खोक्यावरून ओरडून सांगतो, "थंड आहे, भाऊ." मी हात दाखवतो. मग थांबून, खाली पाहून, पुढे निघतो.